आत्तीची लांब बाही

माझं ताट वेगळं झालं, त्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही. जेवायला गेले तर माझी पितळी नेहमीच्या जागी नव्हती. चुलीच्या पलीकडं, कोपऱ्यात मांडून ठेवली होती, तांब्यासकट. मी आत्तीकडं बघितलं. आत्ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तितं बस. हितं धूर येतोय."

धूर तर त्या कोपऱ्यातच जास्त येत होता.

मी पहिल्यापासून संशयी. माझे आप्पा म्हणायचे, या पोरीच्या हातावर प्रसाद ठेवला तरी आधी वास घेऊन बघेल. मला त्यात काही वाईट वाटत नाही. ज्या घरात सगळे हळू आवाजात बोलतात, त्या घरात एकानं तरी कान टवकारून राहायला हवं.

आत्ती म्हणजे बाळाबाई, माझ्या आप्पांची सख्खी बहीण आणि माझी सासूही. माझं माहेर नंदगड. तिथून आत्ती बेळगुंदीला दिली, आणि पुढं तिच्या मुलाला, परशरामला, मी दिले. आमच्याकडं भावाची मुलगी बहिणीच्या घरात सून म्हणून जायची रीत जुनीच आहे, त्यामुळं लग्नानंतर मला नवं नातं शिकावं लागलं नाही. आत्तीची आत्तीच राहिली. फरक एवढाच, की आधी ती मला गूळ द्यायची आणि नंतर भांडी घासायला द्यायला लागली. गूळसुद्धा कधी हातात दिला नाही. पानावर ठेवून पान जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, उचल. तिचा स्वभावच कोरडा, असं सगळे म्हणत.

मला मात्र तिच्याबद्दल एक वेगळाच संशय होता. तिच्या वयाच्या बाकीच्या बायका चोळी घालत. आत्ती पोलकं घालायची, मनगटापर्यंत बाह्यांचं, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेलं. उन्हाळ्यात रताळ्याच्या वेलांना पाणी पाजतानासुद्धा बाही वर जायची नाही. अंघोळीला दार लावून घ्यायची. दिवाळीत घरातल्या बायका एकमेकींना तेल लावत, तर ही पहाटेच न्हाऊन मोकळी. डोक्यावरचा पदर झोपेतही ढळत नसे. आमच्या आजीची एक सोन्याची वाकी होती, दंडात घालायची. आजी गेल्यावर ती कुठं गेली, ते कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. ती आत्तीच्या बाहीत होती.

चौऱ्याऐंशी सालचा पाऊस सरत आला, तेव्हा माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सुजलं. नुसतं पेर सुजलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. हे मुळापासून नखापर्यंत अख्खंच फुगलं, आमच्या रानातल्या रताळ्यासारखं, आणि रंगानंही तसंच झालं. आमच्या दोन म्हशी होत्या. धारा मी काढायची. परशराम सायकलला किटल्या अडकवून दूध बेळगावात घालायचा आणि तसाच पुढं उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जायचा. त्यामुळं बोट सुजल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, धारेचा हात आहे. अंगठा दुमडून धार काढतेस, मूठ धरून काढ. मी मूठ धरून काढली. मग दुसऱ्या हाताचं मधलं बोट नखाजवळच्या पेरात ठणकायला लागलं.

त्यानंतर माझ्या दुखण्याला ज्यानं त्यानं आपल्या सोयीचं नाव दिलं. शेजारच्या मनुबाईनं, म्हणजे माझ्या चुलत सासूनं, संधिवात ठरवला आणि निर्गुडीचा पाला बांधला. नंदगडच्या वैद्यानं आमवात म्हटलं आणि दही तोडलं. परशरामनं कारखान्याच्या डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, रक्तात आम्ल वाढलंय, तूर बंद करा. त्या डॉक्टरनं मला डोळ्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. बोट माझं आणि सांगणारं तोंड नवऱ्याचं, मग औषध तरी नेमकं कुणाला लागू पडायचं? मी सगळ्यांचं सगळं केलं. दही गेलं, डाळ गेली, सूज तेवढी राहिली. सकाळी उठलं की बोटं मिटत नसत. चुलीपुढं शेकत बसावं, तेव्हा भाकऱ्या होत येईपर्यंत हात जरा वळायला लागायचा. टाच अशी दुखायची की न्हाणीपर्यंत भिंत धरून जावं लागायचं. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. किटल्या राखेनं आणि वाळूनं घासते म्हणून ते पडले, असं मीच ठरवून टाकलं होतं.

आणि मग एका दुपारी मी दोरीवर लुगडं वाळत घालत होते. हात वर केलेले. माझी चोळी आखूड बाहीची. आत्ती मागून वैरण घेऊन आली आणि तिथंच थांबली. माझ्या दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे लाल चट्टे उठले होते, वर पांढरा पापुद्रा. खाजत होते, पण दुखणाऱ्या बोटांपुढं मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. आत्तीच्या हातातली पेंढी खाली पडली. तिनं विचारलं, कधीपासून आहे. मी म्हटलं, पाऊस लागायच्या आधीपासून. ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक वैदू आणवला. त्यानं चट्टे बघितले, आत्तीच्या तोंडाकडं बघितलं, आणि बिब्बा तापवून त्याचं तेल माझ्या दोन्ही कोपरांवर लावलं. मी किंचाळले, तेव्हा मनुबाईनं माझे खांदे धरून ठेवले होते. आत्ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. फोड आले, फुटले, चिघळले आणि शेवटी तिथं काळी, जाड, ओढलेली कातडी धरली. डाग जळून गेला, असं वैदू म्हणाला. त्याच आठवड्यात माझं ताट कोपऱ्यात गेलं.

ताटामागून अंथरूण गेलं. मग माझी चार वर्षांची रेणू रात्री मनुबाईकडं झोपायला जायला लागली. पोरीला खोकला आहे, तिकडं ऊब आहे, असं कारण सांगितलं. रेणूला खोकला नव्हता. माझ्या मनात एवढंच आलं, की लेकराला माझ्यापासून तोडायचं होतं, तर आत्तीनं तिला आपल्या कुशीत का घेतलं नाही? दुसऱ्याच्या घरी का पाठवलं? पण त्या वेळी या प्रश्नावर थांबायला मला सवड नव्हती.

कारण गोठ्यामागं शेणी लावत असताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आत्ती परशरामला सांगत होती, की हा महारोग आहे. बोटं सुजतात, मग वाकतात, मग झडतात. गावात कळलं तर आपलं दूध कुणी घेणार नाही आणि उद्या रेणूला कुणी करून घेणार नाही. परशराम नको नको म्हणत होता, पण त्या नको नकोमध्ये काही जोर नव्हता. बेळगावला महारोग्यांचा दवाखाना होता. आमच्या आसपासच्या गावांतून तिथं गेलेली माणसं मला माहीत होती. परत आलेलं एकही माहीत नव्हतं. काही जण बरे होऊनसुद्धा आले नाहीत, कारण दार उघडायला घरात कुणी तयार नव्हतं. मी हातातलं शेण तसंच भिंतीवर थापत राहिले. मला बोटांची भीती वाटली नाही. रेणू आई म्हणून मनुबाईच्या मागं फिरेल, याची वाटली.

त्यानंतर मी घरातल्या प्रत्येकावर नजर ठेवली, आणि प्रत्येकानं माझ्यावर. रविवारी दुपारी जरा डोळा लागला होता, तर हाताला काहीतरी टोचलं. उठून बघते तर परशराम टाचणी घेऊन उकिडवा बसलेला. बघता बघता माझा हात त्याच्या गालावर बसला.

"लागलं व्हय?" त्यानं विचारलं. गाल चोळत होता, पण चेहरा उजळला होता.

"लागलं. तुमाला टोचून दावू?"

तो पळतच आईकडं गेला. हिला टोचलेलं कळतंय, म्हणजे महारोग नाही, असं त्याला कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. आत्तीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सुरुवातीला कळतंच. वर्षानुवर्षंसुद्धा कळत राहतं. हे तिनं इतकं ठामपणे सांगितलं, की माझे कान उभे राहिले. गावात तर सगळे म्हणत की बधिरपणा आधी येतो. मग हिला हे वेगळं कुणी शिकवलं? शिवाय सरकारची नर्सबाई दरवर्षी घरोघर येऊन बायकांचे हात-पाठ तपासून जायची, तेव्हा आत्ती कधीच घरी नसे. नर्सबाई गावात आली असं कळलं, की हिला नंदगडला भावाची आठवण यायची. मी वाकीचं गणित पुन्हा मांडलं. तपासणीत बाही वर करावी लागेल आणि सोनं दिसेल, म्हणून पळते. माझ्या डोक्यात तेव्हा सोन्याशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं.

शेवटी मीच हट्ट धरला. मला महारोग्यांच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर खुशाल न्या, पण आधी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर ते तोंडानं सांगू दे. वैदूच्या सांगण्यावर मी घर सोडणार नाही. परशराम तयार झाला. निघायच्या दिवशी बघते तर आत्ती दारात उभी, नवं लुगडं नेसून, हातात गाठोडं. मीबी येतो, म्हणाली. बसमध्ये ती माझ्यापासून एक बाकडं सोडून बसली. रस्त्याला खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्या गाठोड्यात पितळ्या वाजत होत्या. माझी पितळी मी आवाजावरून ओळखते. मला तिथंच ठेवून यायची सगळी तयारी करून आत्ती निघाली होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. रेणू सकाळी मनुबाईच्या ओट्यावरून हात हलवत होती. तिला वाटलं, मी बाजाराला चालले आहे.

डॉक्टरचं नाव कुलगोड. कानडी माणूस, पण मराठी बोलायचा, आपल्या पद्धतीनं. किडकिडीत, चष्मा कपाळावर. नवऱ्यानं सांगायला सुरुवात केली तर त्याला हातानं थांबवलं आणि म्हणाला, बोट बाईचं आहे, बाई सांगू दे. तिथंच तो माणूस मला आवडला. मी संधिवात म्हटलं, तर तो म्हणाला कशावरून. आम्ल म्हटलं, तर म्हणाला रक्त कुणी तपासलं. महारोग म्हटलं, तर म्हणाला, कोण म्हणतो. सगळ्या नावांवर त्यानं अविश्वास दाखवला. माझ्यापेक्षा संशयी माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.

त्यानं माझा हात आपल्या हातात घेतला, उघड्या हातानं. कित्येक दिवसांत मला कुणी असा हात लावला नव्हता, आणि मला रडू आलं. तो तिकडं न बघता एकेक पेर दाबत गेला. नेहमीच्या आमवातात, त्यानं सांगितलं, दोन्ही हातांची तीच ती पेरं धरतात, मनगटाकडची. तुमची नखाजवळची धरलीत, एका हाताचं एक, दुसऱ्याचं दुसरं. रक्तातलं आम्ल वाढलं तर पायाचा अंगठा रात्रीत पेटतो आणि आठवड्यात उतरतो, असा महिनोन् महिने रताळं होऊन बसत नाही. बघा, तोही रताळंच म्हणाला. मग भिंग घेऊन नखं बघितली. वाळूचं ऐकल्यावर म्हणाला, असेल, नसेलही. रक्त काढून घेतलं आणि आम्हाला दुपारी पुन्हा बोलावलं.

दुपारी त्यानं सांगितलं की रक्त चांगलं आहे. आम्ल नाही, आमवाताची खूण नाही. मग कोपरामागची शीर चाचपली. महारोगात ती दोरीसारखी जाड होते, माझी झालेली नव्हती. मला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा फिरवत गेला. कुठं लागतंय, तिथं बोट ठेवून दाखवायचं. बोटांवर लागलं, तळहातावर लागलं, दंडावर लागलं. मी भराभर दाखवत गेले. मग बराच वेळ काहीच लागलं नाही. मला वाटलं, तपासणी संपली. डोळे उघडले तर डॉक्टर माझ्या कोपरावर, बरोबर त्या चट्ट्याच्या जागी, बोळा फिरवत होता.

परशराम खाली बघत होता.

डॉक्टरनं टाचणी लावली. नुसतं दाबल्यासारखं कळलं. त्यानं विचारलं, ही कातडी अशी का झाली, आणि मी बिब्ब्याचं सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. कानडीत काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, वाचायचं पान तुम्ही लोक जाळून टाकता आणि मग मला म्हणता वाच. बिब्ब्यानं भाजलेली कातडी बधिर होणारच. पण ती बिब्ब्यानं बधिर झाली, की आधीच बधिर होती, हे आता कसं सांगणार? त्याचा स्वतःचा संशय वेगळाच होता. सोरायसिस नावाचं कातडीचं एक दुखणं असतं. त्याची खपली निघते, ते संसर्गानं पसरत नाही, आणि काही जणांत ते सांध्यांत उतरतं. बोट अख्खं सुजणं, नखाला खड्डे, टाच, सकाळचा ताठरपणा, सगळं जुळत होतं. फक्त चट्टा जळून गेला होता.

"असलं कातडं पुष्कळदा घराण्यात असतंय," तो म्हणाला. "बापाला, आईला, त्यांच्या भावा-बहिणीला. कोणाला आहे?"

मी सगळी माणसं डोळ्यांपुढं आणली. आप्पांना नाही, आईला नाही, काका-मामा कुणालाच नाही. मी तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, घरात एकाला जरी असतं, तर मी आत्ता लिहून दिलो असतो. आता कातडीचा तुकडा काढून बाहेर पाठवायचा. महिना लागेल. तोपर्यंत मी हो म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. घरी जायला त्याची हरकत नव्हती. हरकत कुणाची होती ते दाराशी गाठोडं घेऊन उभं होतं. मी परशरामकडं बघितलं. महिनाभर काय करायचं, हे त्यानं सांगावं म्हणून बघितलं. तो आईकडं बघत होता. मला कळून चुकलं. महिना म्हणजे मनुबाईच्या ओट्यावरची रेणू, आणि गावात एकदा पडलेलं नाव. मग कागदावर काहीही येवो.

"आत्तीला असलं तर चालतं का, डाक्टर?"

आत्ती इतकी हळू बोलली, की डॉक्टरला ते ऐकू गेलं नाही. त्यानं काय म्हणून विचारलं.

"पोरीच्या आत्तीला. तिच्या बापाच्या भणीला."

तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि मनगटाचं बटण काढलं. बाही वर करायला तिला जमेना, कापड घट्ट होतं. मी बघत राहिले. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मी वाकीचीच वाट बघत होते. बाही कोपराच्या वर गेली. वाकी नव्हती. मनगटापासून दंडापर्यंत लाल, जाड, पांढऱ्या खपल्यांचे चट्टे होते, एकात एक मिसळलेले. मग तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला. माझ्या उभ्या जन्मात मी आत्तीला बिनपदराची बघितली नव्हती. केसांच्या कडेनं, कानामागं, सगळीकडं तेच.

डॉक्टर उठला. तिनं हात मागं घेतला, त्यानं तो पुढं ओढला. काचेच्या कडेनं त्यानं एक खपली हलकेच खरवडली. मेणबत्ती खरवडल्यासारखा पांढरा भुगा पडला आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटले. आत्तीनं कधी कुणाला दाखवलंच नव्हतं, त्यामुळं तिला बिब्बा लागला नव्हता, आणि त्या पानावरचं सगळं अजून तसंच होतं. त्यानं बोळा फिरवला. लागतंय का? लागतंय, आत्ती म्हणाली. सगळीकडं लागत होतं.

"कधीपासून आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"ह्यो रांगत हुता तवापास्नं." तिनं मुलाकडं हनुवटी केली.

डॉक्टर खाली बसला आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता म्हणाला, "आज्जी, हा महारोग नव्हे. पोरीला नाही, तुम्हाला पण नाही. कधीच नव्हता."

"कदीच?" आत्ती म्हणाली.

ती भिंतीला टेकून खाली बसली, बाही तशीच वर. आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. जमिनीवर ठेवलेला गूळ. सगळ्यांचं झाल्यावर चुलीच्या पलीकडं, एकटीनं जेवणारी आत्ती. तिची पितळी वेगळी, तांब्या वेगळा, फणी वेगळी. तिला आम्ही सोवळी म्हणायचो, कोरडी म्हणायचो. आईनं मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही, असं परशराम लग्नाच्या पहिल्या वर्षी मला म्हणाला होता. ज्या कोपऱ्यात तिनं मला बसवलं, तो कोपरा तिचाच होता. तिथंच ती जन्मभर जेवली होती, धुरात.

परशराम भिंतीजवळ गेला आणि आईपुढं उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं वाकून तिची बाही खाली केली आणि बटण लावलं.

मला आत्तीची दया आली, हे खरं. पण रागही तेवढाच आला, आणि तो मी गिळला नाही. बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर मी विचारलं, की माझी कोपरं भाजताना तू भिंतीकडं तोंड करून उभी राहिलीस, तेव्हा तुला तोंड नव्हतं का. ती म्हणाली, मला वाटलं माझंच तुला लागलं. रक्तातनं लागलं की हातातनं लागलं ते कळंना. तुझं जळून गेलं तर बरं, म्हटलं. आणि स्वतःचं का नाही दाखवलं? ती मग म्हणाली, दाखवलं असतं तर पोराला कोण सांभाळणार होतं? तेव्हा तो रांगत होता, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं. यावर मला पुढं भांडता आलं नाही, याचाही मला राग आला.

गाठोडं मी तिच्या हातून ओढून घेतलं आणि सोडलं. मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, की ही मला काय देऊन सोडणार होती. वर माझी दोन लुगडी होती, नीट घडी केलेली. खाली तिची स्वतःची दोन होती. पितळ्या दोन होत्या, एक माझी, एक तिची.

"तुला ठेवून घेतलं असतं तर मीबी हितंच ऱ्हाईन म्हनलं," ती म्हणाली. "एकटी कशी ऱ्हाशील तू."

मी गाठोडं पुन्हा बांधलं. बोटांनी गाठ बसत नव्हती, तेव्हा तिनं बांधली.

डॉक्टरनं मला सांध्यांच्या गोळ्या आणि दोघींनाही डांबराच्या वासाचं मलम दिलं. हे मुळापासून जाणार नाही, कधी उतरेल, कधी चढेल, पण घर सोडायचं कारण नाही, असं त्यानं परशरामला दोनदा बजावलं. बसमध्ये आम्ही तिघं एकाच बाकड्यावर बसलो. आत्ती खिडकीपाशी अंग चोरून बसली होती. सवय एका दिवसात कशी जाणार? बिचाऱ्या वाकीचं काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मनुबाईवर माझा संशय आहे.

बेळगुंदीच्या थांब्यावर उतरलो तर रेणू धावत आली. मला मिठी मारली, आणि मी उचलली तशी माझ्या कडेवरून आत्तीकडं हात पसरले. पोरं तशी सगळ्यांकडंच हात पसरतात. आत्ती एक पाऊल मागं सरली. तिला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही. मी पुढं झाले आणि पोर तिच्या अंगावर टाकली, तिला धरण्यावाचून गत्यंतर राहू नये अशी. आत्तीनं तिला काखेत हात घालून समोर धरलं, अंगापासून लांब, भरलेली घागर धरतात तशी. रेणूचे पाय हवेत लोंबत होते. मग आत्तीनं माझ्याकडं बघितलं. एक मुलगा वाढवलेली बाई, आणि तिनं मला विचारलं, "हिला कुटं धरायचं गं?"

मी तिचा हात धरून रेणूच्या पाठीमागं नेला आणि तिथं ठेवला.